बॅटरीच्या खोलीतली गुणगुण

त्या दुपारी मी बॅटरीच्या खोलीत गेले ती कापसाचं बंडल आणायला. बाकी काही काम नव्हतं. आमच्याकडे जागेची टंचाई, त्यामुळे कापूस, जुन्या चादरी, मोडके सलाइनचे स्टँड सगळं त्याच खोलीच्या कोपऱ्यात रचून ठेवलेलं असायचं. चैत्रातली दुपार. पंखेसुद्धा गरम वारा फेकत होते आणि सगळं हॉस्पिटल पेंगत होतं. मी वाकून बंडल उचललं आणि तशीच वाकलेली राहिले.

खोलीत कोणीतरी गुणगुणत होतं.

फार बारीक. पूर्वी ते डबा टीव्ही असायचे, त्यांचा आवाज बंद केला तरी मागून एक सुईसारखा सूर येत राहायचा, तसा काहीसा. कानात शिरत नाही, कानाच्या मागे जाऊन बसतो. मी श्वास रोखला तसा तो स्पष्ट झाला. मग थांबला. मग पुन्हा लागला.

मी बंडल घेऊन बाहेर आले, दार ओढून घेतलं, आणि कोणाला काही बोलले नाही.

आमचं हॉस्पिटल मांजरसुंब्याच्या चौकातून आत वळलं की डोंगराच्या अगदी कडेला आहे. एका ट्रस्टचं, बायकांचं आणि बाळांचं. मी वनमाला, बाळांच्या खोलीची सिस्टर. दिवस भरायच्या आधी जन्मलेली, कमी वजनाची लेकरं माझ्याकडे वॉर्मरवर असतात. वॉर्मर म्हणजे वरून ऊब देणारा बिछाना. ती ऊब गेली की अशी बाळं थंड पडतात, आणि थंड पडलेलं बाळ श्वास घ्यायचं विसरतं. आमच्या कड्यावर वारा लई. तारा एकमेकींवर आपटतात आणि लाईट जाते. पूर्वी जनरेटर सुरू होईपर्यंत मी आणि माझ्या हाताखालची बबिता, आम्ही बाळं उराशी धरून बसायचो. मागच्या वर्षी छतावर सोलार आलं आणि शेजारच्या खोलीत माणसाच्या उंचीचं बॅटरीचं कपाट. तेव्हापासून लाईट कधी गेली आणि कधी आली हे आम्हाला कळतसुद्धा नव्हतं.

ती शेजारची खोली आधी साखराबाईची होती.

साखराबाई आमची आया. नवरा नाही, मूल नाही. हॉस्पिटल झालं तेव्हापासून ती त्या खोलीत राहायची. एखादं लेकरू काही केल्या राहत नसलं की त्याला छातीशी धरून, ओठ मिटूनच ती एक सूर लावायची. इतका बारीक की शेजारी उभं राहूनही आधी कळायचं नाही. लेकरू मात्र गप्प होऊन तिच्या तोंडाकडे बघत राहायचं. औषधानं गप्प न होणारी बाळं तिच्या हातात गप्प होताना मी पाहिली आहेत, आणि दर वेळी मला तिचा हेवा वाटला आहे. ती गेली तीही त्याच खोलीत. दुपारची जेवून आडवी झाली ती उठलीच नाही.

म्हणून मी त्या दिवशी काही बोलले नाही. पण आवाज काही लपून राहिला नाही. रोज दुपारी, ऊन माथ्यावर आलं की तो लागायचा. बाळंतिणींची बसायची बाकं नेमकी त्याच भिंतीला टेकलेली. एकीनं ऐकला, तिनं दुसरीला सांगितला.

त्या दिवसांत उमापूरची वैष्णवी आमच्याकडे होती. पहिलं बाळंतपण, मुलगा, दोन महिने आधी झालेला, तळहातावर मावेल एवढा. तिच्या सासूनं तो आवाज ऐकला आणि पदर तोंडाला लावला. म्हातारी पूर्वी लेकीच्या बाळंतपणाला इथे राहून गेलेली, साखराबाईला चांगली ओळखत होती. संध्याकाळपर्यंत सगळ्या वॉर्डात झालं की मेलेली आया भिंतीतून लेकरं मागतेय. काही बाया डिस्चार्ज मागून गेल्या. वैष्णवीची सासूही नातवाला उचलून न्यायला निघाली. ते बाळ वॉर्मरवरून काढलं असतं तर उमापूर राहू द्या, त्यानं बीडसुद्धा गाठलं नसतं. वैष्णवी अंगात ताप असताना उठली आणि बाळांच्या खोलीच्या दारात हात आडवे लावून उभी राहिली.

“मी नेऊ देत न्हाई,” एवढंच म्हणाली.

ट्रस्टचे अर्जुनराव आले. भला माणूस, पण लोकांच्या बोलण्याला भितो. बॅटऱ्या काढून टाकू, पुन्हा जनरेटरच बसवू, विषय संपला, असं म्हणाले. मी म्हटलं, एकदा कंपनीचं माणूस येऊन बघू दे, मग काय ते करा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग काचेतून वैष्णवीच्या बाळाकडे पाहिलं, आणि मान डोलावली.

कंपनीचं माणूस म्हणजे कावेरी.

चौकात एसटीनं उतरून रिक्षानं आली. पंचविशीतली, ठेंगणी, पाठीवर तिच्याहून मोठी वाटेल अशी बॅग, कपाळाला भस्माचं पुसट बोट. कपिलधारला तिच्या वडिलांचं बेलफुलांचं दुकान. पोरगी शिकून पुण्याला गेली आणि आमचं बॅटरीचं कपाट जिथे बनतं तिथेच नोकरीला लागली. कपाटापाशी जायच्या आधी तिचं लक्ष कोपऱ्याकडे गेलं.

“सिस्टर, बॅटरीजवळ कापूस कावून ठेवला?”

उत्तराची वाट न बघता तिनं बंडलं स्वतः उचलून बाहेर नेली. मग पंखा बंद करायला सांगितला, दार लावून घेतलं आणि डोळे मिटून उभी राहिली.

मी तिला साखराबाईचं सगळं सांगितलं. मला वाटलं हसेल. हसली नाही.

“आवाज खरा हाय,” ती म्हणाली. “तो कुठून येतो ते आधी बघू.”

कपाटात एकावर एक बॅटऱ्या होत्या आणि प्रत्येक बॅटरीच्या तोंडाशी एक हिरवं कार्ड. बॅटरीच्या पोटातल्या सेलवर ते कार्ड नजर ठेवतं, कोणता सेल भरला, कोणता तापला, असं तिनं सांगितलं. मग माझ्या गळ्यातला स्टेथोस्कोप मागितला. त्याची चकती काढली, नळी मोकळी केली आणि नळीचं टोक कार्डावरून मुंगीच्या चालीनं फिरवू लागली. छाती तपासताना आम्ही थांबतो तशीच ती एका जागी थांबली. नळीची कानातली टोकं काढून माझ्या कानात घातली.

ऐकलं मी. तोच सूर, आता अगदी कानात.

“हे दाणे बघा,” ती म्हणाली. तांदळाच्या कणीएवढे मातकट दाणे होते ते. “कपॅसिटर म्हणतात. विजेचा धक्का बसला की फुगतात, सुटला की आक्रसतात. डोळ्याला दिसत न्हाई इतकं थोडं. एकटा दाणा काय वाजणार? पण तो कार्डाला सोल्डर केलेला असतो, मग सगळं कार्डच हलगीच्या कातड्यासारखं थरारतं.”

दुपारीच का, असं मी विचारलं. दुपारी बॅटरी भरत येते, तेव्हा कार्डं सेलची सारखी विचारपूस करतात, आणि प्रत्येक विचारण्याला दाण्याला एक धक्का बसतो. विचारपूस थांबली की सूर थांबतो. तिनं आइस्क्रीमची लाकडी काडी घेऊन दाण्यावर हलकेच टेकवली. कानातला सूर मंदावला. काडी उचलली, सूर परत.

त्या काडीपुढे मला हात जोडावेसे वाटले.

पण खरं कौतुक पुढचं. दुसरा कोणी असता तर सगळं कपाट बंद करून कामाला लागला असता. कावेरीनं एका वेळी एकच बॅटरी सोडवली. बाकीच्या चालूच. का, तर वाऱ्याचा भरवसा नाही आणि पलीकडे लेकरं आहेत. एक कार्ड काढायचं, दाणे उपटायचे, त्या जागी पाय असलेले दुसरे दाणे लावायचे. पायांवर उभा राहिलेला दाणा थरारला तरी थरार कार्डापर्यंत पोचत नाही. मग कार्ड परत जागेवर, स्टेथोस्कोपनं तपासणी, आणि पुढचं. खोलीत सोल्डरचा राळेसारखा वास भरून राहिला. सुईणीचे हात जसे घाई करत नाहीत आणि थांबतही नाहीत, तसे तिचे हात. हातातलं काम सोडून मी दाराशी जाऊन बघत उभी राहायची. वैष्णवीची सासूसुद्धा येऊन उभी राहिली एकदा. नातवाला न्यायचं बोलणं तिनं पुन्हा काढलं नाही.

संध्याकाळी कावेरी कपिलधारला घरी गेली, सकाळी परत आली. त्या दुपारी शेवटचं कार्ड झालं. सूर जवळजवळ गेला होता. कान भिंतीला लावला तरच एक केसाएवढा उरलेला.

तो घालवायला तिनं लॅपटॉप उघडला. कार्डांच्या विचारपुशीचा वेग वाढवायचा, म्हणजे सूर चढत चढत माणसाच्या कानापलीकडे जाईल, असं म्हणाली. मी आणि बबिता ऐकत उभ्या राहिलो. सूर चढला. बारीक झाला, आणखी बारीक… माझ्यासाठी संपला. बबिता वयानं लहान, तिला अजून येत होता. मग तिनंही मान हलवली. गेला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की पलीकडच्या खोलीतलं रडणंही थांबलंय.

एक दोन बाळांचं नाही. सगळंच. इतकी शांतता बाळांच्या खोलीत मी कधी ऐकली नव्हती. मी धावत गेले. बाळं जागी होती, सगळी. डोळे उघडे. आणि माना भिंतीकडे वळलेल्या. अशी कोवळी बाळं मान तोलू शकत नाहीत हो, पण वळलेल्या होत्या. आणि आवाज काही नव्हता. निदान मला येईल असा.

कावेरी माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. तिचा चेहरा उतरला.

“लेकरांना आपल्यापेक्षा वरचं ऐकू येतं,” ती हळूच म्हणाली. “चुकलं माझं. मी आवाज घालवला न्हाई, नुसता त्यांच्याकडं ढकलला.”

तिनं तडक जाऊन वेग पहिल्यासारखा केला. आता कार्डांचा तो केसाएवढा सूर आपल्या जागी परत आला असणार. पण बाळांच्या माना हलल्या नाहीत.

तिनं बॅगेतून एक छोटा मायक्रोफोन काढला. वटवाघळांचा आवाज टिपायला वापरतात तसला, माणसाला न ऐकू येणारंही त्याला ऐकू येतं. तो लॅपटॉपला लावला. पडद्यावर आवाज रेषा होऊन दिसत होता. खाली एक फिकी, सरळ रेषा होती, ती कार्डांची. तिच्या बरीच वर दुसरी एक रेषा होती.

कावेरीनं एक बॅटरी सोडवली. वरची रेषा तशीच. दुसरी सोडवली. तशीच. मग ती माझ्याकडे वळली. सगळं कपाट क्षणभर बंद करून बघायचंय, म्हणाली, तुम्ही हो म्हणालात तर. वीज मंडळाची लाईट होती, बाहेर पान हलत नव्हतं. मी हो म्हटलं आणि वॉर्मरपाशी जाऊन उभी राहिले. दोन्ही खोल्यांची दारं उघडी ठेवली होती, ती मला दिसत होती, मी तिला.

तिनं मोठा खटका ओढला. कपाटावरचे सगळे दिवे विझले. खालची सरळ रेषा पुसली गेली. वरची राहिली.

ती पडद्याकडे वाकली. मग अगदी दबक्या आवाजात बोलली.

“सिस्टर… ही रेघ मधे मधे तुटते.”

“म्हणजे?”

“यंत्राची रेघ अशी तुटत न्हाई. माणूस दम घ्यायला थांबतं, तशी तुटते…”

त्याच वेळी वाऱ्याचा पहिला झोत खिडकीवर आदळला आणि लाईट गेली.

वॉर्मर विझले. मॉनिटर विझले. कावेरीचा हात खटक्यावर पोचलेला मला दिसला, पण तिची नजर पडद्यावर होती, आणि तिथूनच ती म्हणाली, “रेघ उसळली. सिस्टर, बाळं बघा.”

मी वळले. सगळ्या माना भिंतीकडे. एक सोडून. वैष्णवीचं बाळ सरळ छताकडे तोंड करून पडलं होतं. ओठ निळे, छाती थांबलेली.

मी त्याला उचललं, तळवे चोळले, पाठ चोळली, टाचेवर टिचक्या मारल्या. काही नाही. खटका पडल्याचा आवाज झाला, दिवे परत आले, बबितानं श्वास द्यायचा रबरी फुगा आणून माझ्या हातात दिला. मी तो तोंडावर धरून दाबला. पुन्हा दाबला. मग त्या एवढ्याशा छातीत काहीतरी हललं, आणि ते मांजराच्या पिलासारखं रडलं. एकदम सगळी बाळं रडायला लागली. माना सैल पडल्या. मॉनिटर चालू होऊन वाजायला लागला तो त्यानंतर. आम्ही यंत्राची वाट बघत बसलो असतो तर ते लेकरू राहिलं नसतं.

कावेरी बॅटरीच्या खोलीत जमिनीवर बसली होती. पडद्यावर आता फक्त खालची फिकी रेषा होती. तिनं मायक्रोफोन काढून बॅगेत ठेवला.

अर्जुनराव आले तेव्हा ती म्हणाली, “कार्डांचा आवाज होता तो गेला, साहेब. बॅटऱ्या काढायची गरज न्हाई.” यातला एकही शब्द खोटा नव्हता. बाकीचं तिनं सांगितलं नाही, मीही नाही. जाताना तिनं माझा स्टेथोस्कोप पुसून, चकती बसवून परत दिला, आणि त्या भिंतीला हात लावून नमस्कार केला.

मीही केला. माझ्या मनात शंका नव्हती. साखराबाईनं जिवंतपणी केलं तेच मेल्यावर केलं, लेकरू राखलं. बॅटऱ्या राहिल्या, बाया परत येऊ लागल्या. वैष्णवीचं बाळ वजन घेत गेलं आणि एक दिवस दुपट्यात गुंडाळून उमापूरला गेलं. त्याच्या बारशाचं बोलावणं आलं. मी गेले. आत्यानं नाव स्वतःशीच ठेवलं होतं, आईबापालासुद्धा सांगितलं नव्हतं. पाळण्यात वाकून तिनं ते कानात सांगितलं तेव्हाच सगळ्यांना कळलं. अंगद.

त्याच आठवड्यात कावेरीचा पुण्याहून फोन आला. त्या दुपारचं सगळं मायक्रोफोननं साठवलं होतं. वटवाघळांचा आवाज माणसाला ऐकता यावा म्हणून संथ करतात, तसा तिनं तो संथ केला. बरेच दिवस धीर होत नव्हता, मग ऐकला.

“बाईमाणूस हाय,” ती म्हणाली. “ओठ मिटून गुणगुणतीय. आणि लाईट गेली त्याच वेळी तोंड उघडून बोलली. दोनदा. ‘ये अंगदा.’ सिस्टर, अंगद कोण हाय?”

“वैष्णवीचं बाळ,” मी म्हटलं. त्या दुपारी त्या बाळाला नाव नव्हतं. वॉर्मरवरच्या चिठ्ठीवर नुसतं वैष्णवीचं नाव होतं.

बाळाचा श्वास आधी थांबला की ती आधी बोलली, असं मी विचारलं. ते कसं कळणार, कावेरी म्हणाली. मॉनिटर तर बंद होता.

तुम्ही आमच्या भागातले, तुम्हाला वेगळं सांगायला नको. आपल्याकडे ‘ये पोरा’ म्हणतात ते झोपलेल्याला हलवून जागं करतानाही म्हणतात, आणि स्वतःजवळ बोलावून घेतानाही. साखराबाई दोन्ही वेळी तेच म्हणायची, त्याच आवाजात.

परवा वैष्णवी त्याला दाखवायला घेऊन आली होती. आता चांगला बसतो, गाल वर आलेत, खुळखुळा वाजवला की लगेच बघतो, म्हणजे कान उत्तम. मी त्याला मांडीवर घेतला, वजन केलं. वैष्णवी हसतच सांगत होती.

“एकच गंमत हाय बघा, सिस्टर. नावानं हाक मारली की आपल्याकडं बघत न्हाई. जवळ असल त्या भिंतीकडं बघतंय, आन् हसतंय. तुमी मारून बघा हाक.”

मी मारली नाही.